बिनमाणसांची बोट

आमच्या उचगावाचा समुद्राशी संबंध म्हणाल तर एका रस्त्यापुरता. बेळगाव-वेंगुर्ले रस्ता आमच्या फाट्यावरून जातो, बाची, शिनोळी करत चंदगड तालुक्यात शिरतो, आंबोलीचा घाट उतरतो आणि शंभरेक किलोमीटरांवर बंदराशी जाऊन थांबतो. त्या रस्त्याने वर बांगडे येतात आणि खाली आमची रताळी जातात. बाकी गावाचा सगळा ओढा पलटणीकडे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे पहाटे पाचला या रस्त्यावर अजूनही भरतीची पोरं धावताना दिसतात. आमचे वडील पलटणीत होते, चुलते होते. मीही जाणार होतो. छाती दोन बोटं कमी भरली. मग वेंगुर्ल्याचे मामा मला मुंबईला घेऊन गेले, खलाशाचं पुस्तक काढून दिलं आणि मी मालवाहू जहाजावर लागलो. तेवीस वर्षं काढली. परत येऊन शेती बघायला लागलो त्यालाही वीस वर्षं होत आली, तरी गावात माझी ओळख 'बोटीवरचा' हीच.

या ओळखीमुळे २०२४ च्या दिवाळीत सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून आली होती. बेळगावातच इंजिनिअर झाली, आता तिकडे एका कंपनीत आहे. फराळाचं ताट मांडीवर आणि फोन हातात. तिने एक व्हिडिओ लावला. पाणी कापत एक बोट चालली होती आणि तिच्यावर माणूस काही दिसत नव्हता.

"आत कोण हाय?" भावजयीने विचारलं.

"कोण नाही, आई. रिकामी हाय."

"मग चालवतंय कोण?"

"तीच चालवतीय."

आमची आई नव्वदीला टेकलेली. चकलीचा तुकडा तोंडात घोळवत म्हणाली, "भुताटकी म्हणायची." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी आता तेवीस वर्षांच्या अनुभवाने याचा खुलासा करणार. मी चहा मागितला.

त्या बोटीचं नाव 'मातंगी'. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीने ती बनवली. कंपनी २०१५ ची. संस्थापक निकुंज पराशर, नावाआधी कॅप्टन लावणारे. दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दिल्लीत नौदलाचा 'स्वावलंबन' हा कार्यक्रम झाला. त्यात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दुरूनच हिरवा बावटा दाखवला आणि मातंगी मुंबईहून तुतिकोरिनला निघाली. सुमारे १५०० किलोमीटरांचा प्रवास, माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय. मोहिमेला नाव दिलं होतं 'सागरमाला परिक्रमा'. नकाशा डोळ्यासमोर आणा: अलिबाग, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, गोवा, मग कारवार (आपल्या सीमाभागाच्या यादीतलं कारवार, तिथेच नौदलाचा कदंब तळ), पुढे केरळ, कन्याकुमारीला वळसा आणि मन्नारचं आखात. मी ही वाट किती वेळा केली असेन याचा हिशेब नाही. दर वेळी रात्रंदिवस कुणीतरी पुढे बघत उभा असायचा. अनेकदा तो मीच असायचो.

म्हणून व्हिडिओ बघून मला अभिमान वगैरे वाटला तो नंतर. आधी वाटलं, माझी जागा गेली.

पुतणीची कंपनी वेगळी, खरं काम त्याच जातीचं. (आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेर वाढलेल्या तुमच्या पोरांना तेवढं समजावून सांगा.) कॅमेऱ्यात जे दिसतं ते काय आहे हे यंत्राला शिकवायचं, हे तिचं काम. लाट कुठली, होडी कुठली, तरंगता ओंडका कुठला. दिवसभर ती समुद्राचे फोटो बघते आणि त्यावर चौकटी काढते. समुद्र तिने तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत.

आता या बोटी म्हणजे काय ते तिने मला समजावलं तसं सांगतो. दोन प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. एक, माणूस किनाऱ्यावर बसून पडद्यावर बघत चालवतो ती. ही कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातल्या पाण्यात लहानशी बोट बिनतारी संदेशाने फिरवून दाखवली होती आणि त्याचं पेटंटही घेतलं होतं. दुसरा प्रकार म्हणजे जिला फक्त कुठे जायचं ते सांगायचं. वाटेत काय आलं, कुणाला कुठल्या बाजूने टाळायचं, हे ती स्वतः ठरवते. रडार असतं, उपग्रहावरून जागा कळते, मोठ्या जहाजांकडून त्यांची ओळख सांगणारे संदेश येतात, शिवाय साधे आणि उष्णता ओळखणारे कॅमेरे. या सगळ्यांचं म्हणणं एकत्र करून एक चित्र तयार करायचं आणि सुकाणू हलवायचं. मातंगी या दुसऱ्या जातीची.

समुद्रावर वाहतुकीचे नियम आहेत हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, टक्कर टाळण्यासाठीचे. त्यातला पाचवा नियम आम्हाला पाठ असायचा: प्रत्येक जहाजाने सदैव नजरेने, कानाने आणि उपलब्ध सर्व साधनांनी नीट पहारा ठेवला पाहिजे. नजरेने आणि कानाने. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा माणसाशिवाय दुसरं काही नव्हतं.

भावाला या सगळ्यापेक्षा लढाईत रस. तो फोनवर युक्रेनच्या बातम्या बघत असतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. ज्या देशाकडे मोठी युद्धनौका म्हणावी अशी उरलीच नव्हती, त्याने साडेपाच मीटर लांबीच्या, बिनमाणसांच्या, स्फोटकं भरलेल्या बोटींनी काळ्या समुद्रातलं रशियन आरमार मागे रेटलं. १ फेब्रुवारी २०२४ ला 'इव्हानोव्हेत्स' ही क्षेपणास्त्र नौका बुडवली, त्याच महिन्यात 'सीझर कुनिकोव्ह', मार्चमध्ये 'सर्गेई कोतोव्ह'. रात्री सात-आठ बोटी एकदम सोडायच्या, दोन-तीन गोळ्यांनी फुटल्या तरी उरलेल्या पोचतात. पण त्या बोटी बऱ्याचशा पहिल्या प्रकारच्या, दूर बसलेला माणूस पडद्यावर बघत असतो.

"म्हणजे गनिमी कावाच की!" भाऊ म्हणाला. एरवी मला हे वाक्य ऐकलं की कंटाळा येतो, आपले लोक सगळीकडे गनिमी कावा शोधतात. इथे मात्र त्याला अगदीच उडवून लावता आलं नाही. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या रात्री बेटाला रसद पोचवून निघून जायच्या आणि मोठी जहाजं बघत राहायची. ऑक्टोबरात तर अशा गलबतांच्या झुंडीने हल्ला केला आणि इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाजच मराठ्यांच्या हाती लागलं. स्वस्त आणि पुष्कळ विरुद्ध महाग आणि मोजकं, हा हिशेब तेव्हाचाच. फरक एवढाच की त्या होड्यांमध्ये भंडारी आणि कोळी बसले होते, आणि बुडाले तर ते बुडत होते.

आपल्या नौदलालाही अशा झुंडी हव्या आहेत. संरक्षण खात्याने २०१८ मध्ये 'आयडेक्स' ही योजना काढली, त्यातून लहान कंपन्यांना अडचणी सांगून त्यांच्याकडून उपाय मागवायचे. त्याच योजनेतल्या 'स्प्रिंट' उपक्रमात शस्त्रं बसवलेल्या स्वयंचलित बोटींच्या थव्याचा करार सागर डिफेन्सशी झाला. सरकारी संशोधन संस्थाही मागे नाही. डीआरडीओने २०२२ मध्ये दुरून चालवायच्या शस्त्रसज्ज बोटींची चाचणी घेतली ती कुठे, तर चाकणजवळच्या भामा आसखेड धरणात. नौदलाची बोट पुणे जिल्ह्यातल्या धरणात! हे ऐकून आई म्हणाली, "मग आमच्या मार्कंडेय नदीत पण आणा म्हणावं." पावसाळ्यात येईल कदाचित.

या बोटींची गरज खरी आहे, त्यात मला शंका नाही. आपला किनारा पुस्तकात ७५१६ किलोमीटर शिकलो, आता नव्या मोजणीत ११,०९८ भरला. एवढ्या किनाऱ्यावर रात्री किती डोळे ठेवणार? नोव्हेंबर २००८ आठवा. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट समुद्रात पळवली, तिच्यावरच्या खलाशांना मारलं आणि त्याच बोटीने दहा दहशतवादी मुंबईजवळ आले. पुढे रबरी होडीने कफ परेडजवळ उतरले. उतरताना त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या साध्या माणसांनी. रात्रभर न झोपता गस्त घालणारी, जेवण न मागणारी बोट तेव्हा त्या पाण्यात असती तर, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं.

भावजय इतका वेळ गप्प होती. ती ताटं उचलता उचलता लेकीला म्हणाली, "तुझी ती बोट बंदूक पण चालवणार काय?"

"माझी नाही, आई. मी नुसतं ओळखायचं काम करते."

"ओळखलं की पुढचं कोण करणार?"

पोर गप्प बसली. मी मधे पडायला हवं होतं, खरं मलाही उत्तर माहीत नव्हतं. आणि मला दोन वेगळ्याच बोटी आठवत होत्या.

पहिली, 'सेंट अँटनी'. १५ फेब्रुवारी २०१२, केरळचा किनारा. 'एन्रिका लेक्सी' हे इटलीचं तेलवाहू जहाज चाललं होतं. तेव्हा सोमाली चाच्यांचा सुळसुळाट होता, म्हणून जहाजावर इटलीच्या नौदलाचे सैनिक ठेवले होते. समोरून येणारी मासेमारी बोट त्यांना चाच्यांची वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या, दोन मच्छीमार गेले. खटला नऊ वर्षं इकडून तिकडे फिरला, आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला, शेवटी दहा कोटी रुपये नुकसानभरपाई भरल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथलं प्रकरण मिटवलं. तिथे यंत्र नव्हतं हे लक्षात घ्या. शिकवून तयार केलेली दोन डोळ्यांची माणसं होती, दिवसाढवळ्या.

दुसरी, जून २०२४ मधली, तांबडा समुद्र. 'ट्यूटर' नावाचं कोळशाचं जहाज. येमेनच्या हुतींनी त्याच्यावर बिनमाणसांची, स्फोटकं भरलेली होडी सोडली. जवळ येईपर्यंत ती साधी मासेमारीचीच होडी दिसत होती, आत बसलेली माणसं म्हणजे पुतळे होते अशा बातम्या आल्या. होडी मागच्या बाजूला आदळली, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, तिथे कामावर असलेला फिलिपिनो खलाशी गेला आणि जहाज काही दिवसांनी बुडालं. मी असल्या जहाजांवर उमेदीची वर्षं काढली. इंजिनरूममध्ये पाणी शिरतं तेव्हा वर यायला अरुंद लोखंडी शिड्या असतात, एवढंच सांगतो.

आता या दोन बोटी आणि 'कुबेर' शेजारी ठेवा. एक खरी मासेमारी बोट जिच्यात मारेकरी होते. एक खरी मासेमारी बोट जिच्यात मच्छीमारच होते. आणि एक मासेमारी बोटीचं सोंग घेतलेला बॉम्ब. लांबून तिन्ही सारख्या. आमची पोर रोज ज्या चौकटी काढते त्या या तिघींमधला फरक सांगण्यासाठी. आणि तिच्या आईने दोन वाक्यांत विचारलं ते हेच.

जगात यावर वाद चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांविषयी चिंता मांडणारा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात फक्त चार देश होते आणि त्यात भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रविषयक कराराच्या मंचावरच व्हावी, समांतर वाटा नकोत, अशी आपली भूमिका. कारण समजू शकतं, तरी त्या चारांच्या यादीत आपलं नाव वाचताना मला बरं वाटलं नाही. गोळी झाडण्याचा निर्णय माणसाच्याच हातात राहायला पाहिजे, असं माझं साधं मत आहे. दूर बसून का असेना, खरं माणसाच्या. अर्थात 'एन्रिका लेक्सी'वर माणसंच होती, हे मी वर सांगितलंच आहे.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर पुतणी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, एक विचारू? आमच्या यंत्राचा एक घोळ आहे. होडीसारखं काही दिसलं की ते एक आकडा देतं. शंभरातले चाळीस, शंभरातले नव्वद. म्हणजे त्याला किती खात्री आहे ते. किती आकड्यापुढे होडी मानायची ते आम्ही ठरवायचं. कमी ठेवलं की प्रत्येक लाट होडी होते, बोट रात्रभर नागमोडी पळत राहते. जास्त ठेवलं की खरी होडी सुटते. तुम्ही कसं ठरवत होता?"

छत्तीस वर्षं ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. तिला सांगितली.

१९८८ चा नोव्हेंबर. आमचं जहाज रिकामं, कांडल्याहून मुरगावला लोहखनिज भरायला चाललेलं. रत्नागिरीच्या खाली कुठेतरी असू. रात्री बारा ते चारची पाळी, ब्रिजवर सेकंड ऑफिसर आणि बाहेरच्या कठड्यापाशी पहाऱ्याला मी. रिकामं जहाज पाण्यावर उंच उचललेलं असतं, नाकासमोरचं बरंच पाणी दिसतच नाही. रात्रीच्या पहाऱ्याची एक खुबी असते. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, आणि अंधुक वस्तू दिसायची तर तिच्याकडे थेट बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. मग ती डोळ्याच्या कडेत उमटते.

दोन रात्री आधी मी शुक्राची चांदणी उगवताना बघून 'जहाजाची बत्ती' म्हणून ओरडलो होतो. नवखे खलाशी सगळेच एकदा ती चूक करतात, खरं मी तेव्हा नवखा राहिलो नव्हतो. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस माझं नाव 'शुक्राचार्य' होतं.

अडीचच्या सुमारास मतलई वारा सुटला होता, जमिनीकडून येणारा. त्या वाऱ्यावर मला रॉकेलचा वास आला. रॉकेलचा आणि चहाचा. दिसत काहीच नव्हतं. डाव्या बाजूला जरा पुढे काळ्यात काळं काहीतरी आहे असं वाटलं, बाजूला बघितलं तर गेलं, पुन्हा आलं. ओरडायला तोंड उघडलं आणि शुक्राचार्य आठवला. थांबलो. दहा सेकंद असतील. मग ओरडलो.

ऑफिसरने जहाज उजवीकडे घेतलं. होडी आमच्या डाव्या अंगाने सरकत गेली, इतकी जवळ की स्टोव्हची निळी ज्योत दिसली आणि उभा राहून दोन्ही हात हलवणारा एक माणूस. त्याची बत्ती विझलेली होती. माणसं वाचली. पण त्यांचं जाळं पाण्यात होतं आणि आम्ही त्याच्यावरून गेलो. जहाज थांबलं नाही. सकाळी मुरगावला नांगर टाकल्यावर मागे वाकून पाहिलं, सुकाण्याला दोर गुंडाळलेला आणि त्यात चार-पाच लाकडी तरंगे अडकलेले.

बारा नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला सहा मीटर. दहा सेकंदांत साठ मीटर. तेवढ्यात जाळं चुकलं असतं की नाही, कोण जाणे. पुढे सुट्टीत मामांना सहज विचारलं, एक जाळं केवढ्याला पडतं? मामा म्हणाले, "जाळ्याची किंमत नसता रे. कर्ज असता."

पुतणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उष्णतेच्या कॅमेऱ्यात स्टोव्ह लांबूनच दिसला असता, काका." बरोबर आहे. आणि यंत्राला कुणी शुक्राचार्य म्हटलं तरी पुढच्या वेळी ते दहा सेकंद थांबणार नाही. तिथे ते माझ्यापेक्षा बरं. मग ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "खरं जाळं दिसलं नसतं. आमच्याकडे जाळ्यांचे फोटोच नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे भरतीच्या पोरांचे पाय वाजले तेव्हा मी जागाच होतो. त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते ती वेगळी. बिनमाणसांची बोट, बिनमाणसांचं विमान, उद्या बिनमाणसांचा रणगाडा, मग ही पोरं धावून जाणार कुठे? पण तिथे मला पूर्ण निराश व्हावंसं वाटत नाही, कारण मी जहाज आतून पाहिलंय. जहाजावरची निम्मी माणसं ते चालवायला नसतातच, ती दुरुस्तीला असतात. डिझेलची जाळी तुंबते, पंप गळतो, गंज तर श्वास घेतल्यासारखा धरतो. अमेरिकेचं 'सी हंटर' हे चाळीस मीटरचं बिनमाणसांचं जहाज सॅन दिएगोहून हवाईतल्या पर्ल हार्बरला जाऊन परत आलं, तर वाटेत यंत्रं तपासायला माणसांना त्यावर चढावं लागलंच होतं. आता त्यांनी 'डिफायंट' बांधलंय, १८० फुटांचं, त्यात माणसाला राहायला जागाच ठेवलेली नाही. बघू किती दिवस बिनगंजाचं राहतं. आमच्या उद्यमबागेत आणि मच्छेत लोखंड-ओतकामात पिढ्या गेल्या. या बोटींचे भाग कुणीतरी घडवायचे आहेत, कुणीतरी उघडून दुरुस्त करायचे आहेत. भरतीच्या पोरांनी धावणं सोडू नये, खरं जोडीला पाना धरायला शिकावं. हे मी त्यांना सांगितलं तर ती 'व्हय काका' म्हणून पुढे धावतात.

भाऊबीज झाल्यावर एक दिवस जादा सुट्टी टाकून पुतणी मला म्हणाली, "चला वेंगुर्ल्याला." मामा आता नाहीत, पण त्यांच्या शेजारचे म्हातारे मच्छीमार ओळखीचे. आम्ही दुपारी बंदरावर पोचलो. जाळी वाळत घातली होती. तिने फोन काढून फोटो काढायला सुरुवात केली: थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकचे डबे, तेलाचे जुने कॅन, बांबूला बांधलेला काळा बावटा. प्रत्येक होडीचा तरंगा वेगळा, ज्याच्या हाताला जे लागलं ते. जगातल्या कुठल्या यंत्राने हे आधी पाहिलं असणार?

म्हातारबा बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते. हे कशासाठी ते मी त्यांना सांगितलं. बिनमाणसांची बोट, पहारा, नौदल. ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुझ्या मशीनाक माझी होडी दिसतली?"

"होय, आजोबा."

"आणि जाळी?"

"त्यासाठीच तर फोटो काढालोय."

म्हातारबांनी विडी विझवली. "मगे रातीचो येवन काढ गो," ते म्हणाले. "दिवसा काय, सगळ्यांकच दिसता."

परतताना आंबोलीत धुकं होतं, गाडी हळू चालवावी लागली. पोर बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून होती. मला वाटलं फोटो बघतेय. ती पंचांग बघत होती. अमावास्या कुठल्या वारी येते ते.